सुई टोचण्याआधीची दोन मिनिटं: तान्ह्या बाळाच्या वेदनेबद्दल मोबाइलवरून सांगायचं असेल तर

ठाण्यात किंवा नवी मुंबईत लसीकरणाच्या दिवशी कुठल्याही आरोग्य केंद्राबाहेर पाच मिनिटं उभे राहा. आत कुणाचं तरी तान्हं बाळ टाहो फोडत असतं आणि बाहेर बाकावर त्याचे बाबा मोबाइलवर रील सरकवत असतात. आतल्या रडण्यावर सोपे, बिनखर्चाचे उपाय आहेत आणि बाहेरच्या त्या मोबाइलमधून ते पोचवता येतात. ते कसं करायचं, एवढ्यापुरताच हा लेख.

हे काम नव्याने करू बघणाऱ्यांसाठी लिहितेय. नर्सिंगला शिकणारी मुलगी असेल, आशाताई असेल, स्तनपान सल्लागार असेल, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर रोज काहीतरी टाकणारा उत्साही बाबा असेल. कॅमेरा, माइक, दिवे यांतलं काही विकत घ्यावं लागत नाही. थोडं वाचावं मात्र लागतं, म्हणून तिथूनच सुरुवात.

आधी स्वतःला पटू द्या

"एवढंसं बाळ, त्याला काय कळतंय? मिनिटभर रडेल आणि विसरेल." हे तुम्हाला आजीकडून ऐकू येईल, शेजारणीकडून येईल, कधी कधी पांढऱ्या कोटातल्या माणसाकडूनही येईल. त्यांना हसू नका. १९८०च्या दशकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांतही हाच समज होता आणि मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशा भुलीशिवाय होत असत. इंदूरला डॉक्टर झालेले आणि पुढे ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी तिथल्या सहकाऱ्यांबरोबर १९८७ साली दाखवून दिलं, की वेदनाशामक नीट मिळालेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. तिथून विचार बदलायला लागला. म्हणजे ही समज डॉक्टरमंडळींनाही तशी अलीकडेच आलेली आहे. आजीला ती आज संध्याकाळी एका रीलमध्ये यावी असा हट्ट धरू नये.

बदलाचा वेग मात्र रखडलेला. पॅरिस परिसरातल्या अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या ४३० नवजात बाळांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यात एका बाळाच्या वाट्याला दिवसाला साधारण दहा वेदनादायक गोष्टी येत होत्या, टाचेतून रक्त घेण्यापासून नळी बदलण्यापर्यंत. बहुतेक वेळा त्यासाठी वेगळा असा काही उपाय केलेला नव्हता.

आपल्याकडच्या धडधाकट बाळाचाही हिशोब करून बघा. जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, मांडीत हिपॅटायटिस बी, डाव्या दंडात बीसीजी. काविळीची शंका आली की रक्त. वजन कमी असेल तर साखर बघायला टाचेला टोचणं. मग सरकारी वेळापत्रकात दीड महिन्याला तीन सुया: पाच आजारांवरची एकत्र लस पेंटाव्हॅलंट, न्यूमोनियावरची पीसीव्ही आणि पोलिओचं इंजेक्शन. अडीच महिन्याला एक. साडेतीन महिन्याला परत तीन. तोंडातून द्यायचे थेंब वेगळे. हे सगळं लागतंच आणि द्यायलाच हवं. तुमच्या कुठल्याही व्हिडिओतून "लस म्हणजे त्रास" असा सूर निघाला तर तो व्हिडिओ न केलेला बरा.

उपाय कोणते, तेही नेमकं माहीत हवं. पहिला आणि सगळ्यांत भक्कम उपाय म्हणजे अंगावर पाजणं. सुईच्या आधी बाळ नीट लागलेलं हवं, टोचताना पीत राहायला हवं आणि नंतरही लगेच सोडवायचं नाही. दुसरा, उघड्या छातीवर घेणं. कांगारू केअर म्हणून हे बऱ्याच जणींना दवाखान्यात शिकवलेलं असतं. बाळाच्या अंगात फक्त लंगोट आणि टोपी, आईच्या किंवा बाबांच्या छातीशी सरळ उभं, वरून पांघरूण. सुईच्या आधी दहा-पंधरा मिनिटं तरी असं धरायचं. तिसरा उपाय दवाखान्यातला: साखरेचं किंवा ग्लुकोजचं मोजून दिलेलं द्रावण. त्याची गोष्ट पुढे सविस्तर सांगते, कारण सगळा घोळ तिथेच होतो. यातलं काहीच जमलं नाही, तर निदान बाळ टेबलावर एकटं झोपवायच्या ऐवजी कुशीत धरायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणाच्या वेदनेवर भूमिका जाहीर केली. त्यात बाळाला आईने किंवा घरच्यांनी धरावं आणि शक्य असेल तिथे टोचताना किंवा त्याच्या जरा आधी अंगावर पाजावं, असं स्पष्ट म्हटलं आहे.

एका व्हिडिओत एकच वाक्य

नवखे लोक पहिल्या व्हिडिओत सगळं कोंबतात. वेदनेचं शास्त्र, स्तनपानाचे फायदे, लसींचं वेळापत्रक, शेवटी "शेअर करायला विसरू नका." बघणाऱ्या आईच्या हाती काहीच लागत नाही.

कागद घ्या आणि हे वाक्य पुरं करा: "हा व्हिडिओ बघितल्यावर आई केंद्रात जाऊन म्हणेल, की..." माझ्या मते पहिल्या व्हिडिओसाठी याचं एकच उत्तर आहे: "सिस्टर, बाळाला मांडीवर घेऊन पाजू का? मग टोचा." एवढंच. लाइक, फॉलोअर, जनजागृती हे सगळं या एका वाक्यापुढे गौण. ती बाई आरोग्य केंद्रात रांगेत उभी आहे, मागे वीसजणी आहेत, पहिलटकरीण आहे, कुणाला काही विचारायची भीड वाटतेय. तिच्या तोंडात तयार वाक्य द्यायचं हे तुमचं काम. तुमच्या व्हिडिओत ते वाक्य एखाद्या आईने मोठ्याने, आपल्या साध्या बोलण्यात म्हटलेलं असू द्या. "वेदना व्यवस्थापन" असले शब्द आले, की बाई तो व्हिडिओ सरकारी जाहिरात समजून पुढे सरकवते.

दुसऱ्या व्हिडिओचं वाक्य वेगळं घ्या. उदाहरणार्थ बाबांसाठी: "आईचे टाके दुखतायत, मी छातीवर घेतो." तिसरा कान टोचण्यावर करा. आपल्याकडे बाराव्या दिवशी सोनाराला बोलावून कान टोचतात. तिथे ना सिस्टर असते ना डॉक्टर, आणि बाळ कुणाच्या तरी हातात आवळून धरलेलं असतं. बाळाला आईकडे दे, पाजायला लागू दे, मग टोच, एवढं सांगणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बायका आपणहून पुढे पाठवतात. कान स्वच्छ सुईने, हात धुऊन टोचावे हे त्यातच सांगून टाका.

साखरपाण्याचा घोळ

आता त्या तिसऱ्या उपायाबद्दल. गोड चव जिभेवर पडली की नवजात बाळाला सुईची वेदना कमी जाणवते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं आहे. परदेशातल्या मोहिमांत हा उपाय ठळकपणे दाखवतात. कॅनडात ओटावाच्या मुलांच्या रुग्णालयातल्या तेव्हाच्या नर्स-संशोधक डेनिस हॅरिसन यांनी आणि त्यांच्या गटाने पालकांसाठी यूट्यूबवर जे छोटे व्हिडिओ टाकले, त्यांत रक्त घेताना स्तनपान, उघड्या छातीवर धरणं आणि साखरेचं द्रावण असे तिन्ही उपाय होते. त्यांच्याकडे ते चालतं, कारण तिथे नर्स मोजून थेंब देते.

तोच व्हिडिओ मराठीत करून तुर्भे स्टोअर किंवा किसननगरसारख्या वस्तीच्या ग्रुपवर टाकून बघा. दुसऱ्या दिवशी घरोघरी वाटीत साखर विरघळते. पाणी उकळलेलं असेल-नसेल, चमचा धुतलेला असेल-नसेल, आणि रडलं की पाज असं सुरू होतं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध हा नियम तिथेच मोडतो आणि बाळाला जुलाब लागायची वाट मोकळी होते. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी म्हणतं, "साखर कशाला, मध चाटव की, आपल्याकडे पूर्वापार चालतंय." एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. त्यातून बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. घुटीचंही तेच. "दुखू नये म्हणून" हे निमित्त मिळालं की कपाटातली सगळी बाटलीपुडी बाहेर येते.

म्हणून माझा नियम असा: सर्वसामान्य पालकांसाठीच्या व्हिडिओत साखरपाण्याचा उल्लेखच नको. ज्यांचं बाळ नवजात शिशु विभागात आहे, ज्यांना पाजता येत नाही, त्यांच्यासाठी वेगळा मजकूर करा आणि त्यातही कृती सांगू नका. "डॉक्टरांना विचारा, टोचण्याआधी गोड द्रावणाचे थेंब देता येतील का" एवढंच. तिथे ते काही थेंबांच्या मापात, साधारण दोन मिनिटं आधी, निर्जंतुक द्रावणातून देतात. प्रमाण, चमचे, घरची साखर यांतलं काहीही तुमच्या तोंडून जाऊ नये. माहिती दडवणं आणि धोक्याची माहिती घरात न सोडणं यांत फरक आहे, आणि हा फरक कळणारा माणूसच या कामात टिकतो असं मला वाटतं.

सुईआधी द्यायच्या पॅरासिटामोलबद्दलही विचारणा होईल. सुईच्या वेदनेसाठी ते आधीच पाजून ठेवण्याचा उपयोग नाही. पेंटाव्हॅलंटनंतर ताप आला तर किती द्यायचं ते सिस्टर वजनाप्रमाणे सांगते. बधिर करणारं मलम म्हणजे तर डॉक्टरचाच विषय, तान्ह्या बाळाच्या रक्तावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

आणि "पेनलेस" लस! घोडबंदर रोडच्या टॉवरांमधल्या ग्रुपवर हा प्रश्न दर आठवड्याला येतो. ज्याला खासगीत पेनलेस म्हणतात त्या लसीनंतर ताप आणि सूज कमी येते, म्हणून ते नाव पडलंय. सुई तेवढीच टोचते. कुठली लस घ्यायची ते बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावं. पण सरकारी केंद्रातली लस दुय्यम आहे असं वाक्य तुमच्या पेजवरून कधीच जायला नको.

सिस्टरला आपल्या बाजूला घ्या

मोहीम आईसाठी असली तरी दार सिस्टरच्या हातात आहे. तिला एका सकाळीत पन्नास-साठ बाळं टोचायची असतात. रजिस्टर भरायचं, कार्डावर नोंद करायची, ऑनलाइन नोंद वेगळी, लसीची व्हायल (बाटली) उघडल्याची वेळ लिहायची. वर एक अनोळखी बाई मोबाइल धरून उभी, आणि व्हिडिओचं नाव "तुमची नर्स हे सांगणार नाही". असं शीर्षक दिलंत की त्या केंद्राचं दार तुम्हाला बंद, आणि ते योग्यच.

आधी मोबाइल पर्समध्ये ठेवून जा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, काय करायचंय ते एका पानावर लिहून द्या. महापालिकेच्या केंद्रात किंवा रुग्णालयात चित्रीकरण करायचं असेल तर लेखी परवानगीशिवाय करू नका. मग सिस्टरला विचारा: मांडीवर बाळ असताना टोचायला तुम्हाला काय अडचण येते? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. "पाय हलतो." "आई घाबरून मागे सरकते." "बाळाला ठसका लागेल." पहिल्या दोन अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांचं उत्तर तुमच्या व्हिडिओतच हवं. आईने एका हाताने बाळाची पाठ-मान पेलायची, दुसऱ्या हाताचा तळवा गुडघ्याच्या वर ठेवून मांडी स्थिर धरायची आणि बाळाचा दुसरा पाय आपल्या दोन्ही मांड्यांत अलगद अडकवायचा. नजर बाळाच्या तोंडाकडे, सुईकडे नाही. ठसक्याची भीती मोठी वाटते खरी, पण टोचताना स्तनपान देऊन केलेल्या चाचण्यांत असा त्रास नोंदलेला नाही. शंका असेल तिथे बाळाला आधी पाजून, लगेच कुशीत धरून टोचलं तरी चालतं. यावर सिस्टरशी वाद घालत बसू नका.

एक गोष्ट मात्र तिच्याकडून पक्की करून घ्या. "पोलिओचे थेंब दिल्यावर अर्धा तास पाजू नका" असं अजूनही काही ठिकाणी सांगतात. तोंडी थेंबांच्या आधी किंवा नंतर अंगावर पाजायला आडकाठी नाही. सोयीचा क्रम असा: थेंब आधी, मग बाळाला छातीशी लावायचं, दूध ओढायला लागलं की सुया.

लस दिल्यावर सिस्टर चार गोष्टी सांगते: कोणती लस दिली, पुढच्या वेळी कधी यायचं, काय त्रास होऊ शकतो, कार्ड जपून ठेवा. तुमचा व्हिडिओ या चौघींच्या मागे उभा राहणारा पाचवा ठरला, तर केंद्र तुम्हाला आपणहून बोलावतं.

चित्रीकरण

केंद्रातल्या गर्दीत पहिला व्हिडिओ करू नका. घरी, बाहुली घेऊन करा. बाहुलीवर धरायची पद्धत दाखवणं सोपं जातं, परत परत करता येतं आणि कुणाच्या लेकराला दहा वेळा कॅमेऱ्यापुढे रडावं लागत नाही. खिडकीकडे तोंड करून बसा, मोबाइल उभा धरा, पंखा बंद करा. पंख्याचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाइलला येतो.

खऱ्या आई-बाळाचा व्हिडिओ करायची वेळ आली तर मोबाइल आईच्या खांद्यामागून धरा. त्या कोनातून ओढणी किंवा पदर आपोआप आड येतो आणि जे दिसायला हवं ते दिसतं. दिसायला काय हवं, तर बाळाची मूठ. दूध ओढायला लागल्यावर घट्ट आवळलेली मूठ हळूहळू सैल होते, बोटं एकेक करून आईच्या गळ्याशी पसरतात. सुई गेल्यावर पायाची बोटं क्षणभर पंख्यासारखी उघडतात, ओठ थांबतात, एक हुंदका येतो आणि ओठ पुन्हा चालायला लागतात. हा सात-आठ सेकंदांचा तुकडा दाखवला की दहा ओळींच्या मजकुराची गरज उरत नाही. वेदना ओळखायच्या खुणाही इथेच सांगता येतात: जवळ आलेल्या भुवया, घट्ट मिटलेले डोळे, नाकाशेजारची खोल घडी.

रडणाऱ्या बाळाचा चेहरा जवळून दाखवून सुरुवात करायचा मोह होतो, कारण लोक तिथे थांबतात. करू नका. ज्या आईचं बाळ उद्या टोचायचंय तिला तो चेहरा रात्रभर दिसतो, आणि लसच नको असा विचार तिच्या मनात तुम्हीच घालता.

अक्षरं मोठी टाका. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने व्हिडिओ बघणारा माणूस आवाज बंद ठेवतो. बोलणं आपलं घरचं असू द्या. घणसोली-दिव्यातल्या आगरी घरातली मावशी तिच्या बोलीत सांगत असेल तर तिला पुस्तकी मराठी बोलायला लावू नका, ती बोलते तेच जास्त पोचतं. दिघा, तुर्भे, इंदिरानगर या भागांसाठी त्याचंच हिंदी रूपही करून ठेवा.

व्हिडिओवरच, चित्राच्या कोपऱ्यात, महिना-वर्ष आणि कुणाकडून तपासून घेतलंय ते लिहा. खालचा मजकूर फॉरवर्ड होताना गळून पडतो, चित्रावरचं राहतं. आणि टाकण्याआधी एखाद्या बालरोगतज्ज्ञाला खरोखर दाखवा. "तपासून घेतलंय" हे शब्द फुकटचे नाहीत.

संमती आणि कार्डावरचा नंबर

आई "हो" म्हणाली म्हणजे संमती झाली असं नाही. बाळंतपणानंतर आठ दिवसांत, वॉर्डात, तुम्ही तिच्या नर्सच्या ओळखीने आलेल्या असताना ती नाही कसं म्हणेल? घरी गेल्यावर विचारा, कागदावर घ्या, व्हिडिओ कुठे कुठे जाणार ते सांगा आणि "नंतर काढून टाक म्हणालात तर काढू, पण व्हॉट्सॲपवर गेलेला परत आणता येत नाही" हेही सांगा. घरातल्यांना माहीत आहे का ते विचारा, नाहीतर सासरी त्या पोरीला बोलणी खावी लागतात. बाळाचा चेहरा आणि नाव टाळलेलंच बरं. २०२३चा डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो, हे लक्षात असू द्या.

सगळ्यांत जास्त घात होतो तो माता-बाल संरक्षण कार्डाने. टेबलावर ते उघडं पडलेलं असतं आणि त्यावर आईचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर सगळं असतं. व्हिडिओ टाकण्याआधी एकेक चौकट थांबवून बघा.

कुठे टाकायचं, कधी

इन्स्टाग्रामवर शहरातल्या, शिकलेल्या, बहुधा आधीच वाचत असलेल्या आया भेटतात. यूट्यूबवर लोक शोधत येतात: "बाळाला इंजेक्शननंतर रडू", "दीड महिन्याचं इंजेक्शन". म्हणून तिथे शीर्षकात लोक जे टाइप करतात तेच शब्द ठेवा. स्तनपानाची चित्रं या दोन्ही ठिकाणी चालतात, तरी कधी कधी आपोआप अडवली जातात. अपील करा, त्रागा नको.

पण खरं काम व्हॉट्सॲपवर होतं. तिथे दोन अडचणी आहेत. एक, खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो आणि लोकांना तो अफवेसारखा वाटायला लागतो. म्हणून एकच व्हिडिओ सगळीकडे ढकलण्यापेक्षा आशाताईंना, अंगणवाडी सेविकांना तो वेगवेगळा, त्यांच्या स्वतःच्या दोन वाक्यांसह पाठवू द्या. दोन, मोबाइल बऱ्याच घरांत नवऱ्याकडे असतो. व्हिडिओचं पहिलं वाक्य "ताई" असं सुरू झालं की तो पुढे सरकवतो. "उद्या बाळाची लस आहे?" असं सुरू करा, मग तो थांबतो.

वेळ सगळ्यांत महत्त्वाची. तुमच्या केंद्राचा लसीकरणाचा वार विचारून घ्या आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी टाका, साधारण जेवणं उरकल्यावर. तीन दिवस आधी टाकलेलं विसरलं जातं, त्याच सकाळी टाकलेलं रांगेत उभ्या बाईला दिसत नाही.

इथली आणखी एक गोष्ट बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. वाशीच्या घाऊक मार्केटमधल्या माथाडी कुटुंबांतल्या कितीतरी सुना पहिल्या बाळंतपणाला साताऱ्या-सांगलीकडे माहेरी जातात. जन्मानंतरच्या सुया आणि बऱ्याचदा दीड महिन्याच्याही तिकडेच होतात. ती कोपरखैरण्याला परत येते तेव्हा तुमचा व्हिडिओ तिच्या कामाचा निम्माच उरलेला असतो. तेव्हा तिला तो सातव्या महिन्यात, ओटीभरणाच्या आसपास मिळाला पाहिजे. गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी केंद्रात त्याची चित्रपट्टी लावता आली तर उत्तमच.

वर्षातले काही दिवसही हाताशी ठेवा: एप्रिलचा शेवटचा आठवडा लसीकरणाचा, १५ मे कांगारू केअरचा, १ ते ७ ऑगस्ट स्तनपान सप्ताह, १५ ते २१ नोव्हेंबर नवजात शिशु सप्ताह. तेव्हा केंद्रंही काहीतरी कार्यक्रम शोधतच असतात.

मेसेज यायला लागले की

येतीलच. रात्री अकराला, बाळाच्या मांडीच्या फोटोसकट. साधे प्रश्न ठरावीक असतात, त्यांची उत्तरं आधीच लिहून ठेवा. टोचलेल्या जागी गाठ आली: चोळू नका, शेकू नका. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन खपली धरते: ते अपेक्षित आहे, काही लावू नका.

बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलंय किंवा तापलंय, श्वास भराभर चाललाय, झोपेतून उठतच नाही, झटका आला: यांतलं काहीही दिसलं तर उत्तर एकच. लगेच दवाखाना, गाडी नसेल तर १०८. तुम्ही स्वतः डॉक्टर असलात तरी मेसेजवर तपासणी करू नका. आणि "लस घेतल्यावर माझ्या पुतणीला असं झालं" असं कुणी उघड लिहिलं तर ते पुसू नका. केंद्रात नोंद करायला सांगा, शांतपणे. पुसलं की संशय दुप्पट होतो.

पैसे आणि भेटवस्तू

पेज थोडं वर आलं की पावडरच्या दुधाच्या, बाटल्यांच्या कंपन्यांकडून गोडगोड मेसेज येतो. थेट नाही म्हणा. १९९२चा शिशु दुग्धपर्याय आणि दूधबाटल्यांबाबतचा कायदा, २००३च्या दुरुस्तीसह, अशा मालाची जाहिरातच करू देत नाही. तुमच्या व्हिडिओत मागच्या फळीवर दूधबाटली दिसत असेल तर तीही उचला.

काय मोजायचं

किती जणांनी बघितलं हा आकडा मन खुश करतो, बाकी काही सांगत नाही. पाच लाख लोकांनी बघितलेला व्हिडिओ नेरुळच्या एकाही आईच्या कामी आलेला नसेल असं होऊ शकतं. त्यापेक्षा सिस्टरला सांगा, लसीकरणाच्या दिवशी रजिस्टरच्या मागच्या पानावर, आपणहून मांडीवर घेऊ का म्हणून विचारणाऱ्या आयांची नुसती काडी मारत जा. व्हिडिओ टाकण्याआधीचे दोन-तीन आठवडे आणि नंतरचे दोन-तीन आठवडे. काड्या वाढल्या नाहीत तर व्हिडिओ बदला, जाहिरातीत पैसे घालू नका. केंद्राच्या खोलीत पाजायला आडोसाच नसेल, तर त्याला व्हिडिओ काय करणार? तिथे एक पडदा आणि दोन खुर्च्या मिळवून देणं हे जास्त मोठं काम आहे. नगरसेवकाकडे किंवा सोसायटीकडे तेवढं मागायला लाजू नका.

लसींचं वेळापत्रक अधूनमधून बदलतं. पीसीव्ही आपल्या राज्यात २०२१मध्ये आली, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस त्यानंतर वाढला. तुमच्या व्हिडिओत "दीड महिन्याला दोन सुया" असं गेलं असेल तर तो चुकीचा झाला. असा व्हिडिओ पेजवरून काढून टाका आणि नव्याच्या पहिल्याच वाक्यात सांगा, की आधीचा पुढे पाठवू नका. ग्रुपवर गेलेला जुना तिथेच फिरत राहतो, त्याला गाठायचा दुसरा मार्ग नाही.